छिन राज्य पावसाने नाही, खोट्या रिपोर्टाने बुडालं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चीनच्या पहिल्या साम्राज्याच्या, म्हणजे छिन घराण्याच्या पडझडीवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलाय, लेखकाचं कौतुकच आहे. पण त्यात असं म्हटलंय की पावसामुळे पोचायला उशीर झाला तरी मुंडकं उडवायचं असा छिनचा कायदा होता, म्हणून लोक पेटले आणि १५ वर्षांत राज्य गेलं. ते वाचून मला राहवलं नाही. पाऊस, उशीर आणि सरकारी कागद यातच माझं आयुष्य गेलंय. मी ३१ वर्षं तलाठी होतो, सगळी नोकरी खान्देशात, ३ तालुके आणि ७ सजे (तलाठ्याच्या ताब्यातली गावं) झाले, आणि मला या राज्याबद्दल जे सांगायचंय ते तलाठी म्हणूनच सांगायचंय.

याचा नाद लागला तो रिटायर झाल्यावर. नातवाने मोबाइलवर मातीच्या सैनिकांचा व्हिडिओ दाखवला. १९७४ साली शियान शहराजवळ शेतकरी दुष्काळात विहीर खोदत होते आणि पाण्याऐवजी खाली मातीची माणसं लागली, हे ऐकलं आणि मी तिथेच अडकलो, कारण आमच्याकडे विहीर खोदायची म्हणजे घरात काय वातावरण असतं ते मी जवळून पाहिलंय, खडक लागला की जेवताना कोणी कोणाशी बोलत नाही. मग वाचत गेलो, मिळेल तसं, भाषांतरं शोधून शोधून.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इ.स.पू. २२१ मध्ये छिनच्या राजाने बाकीची ६ राज्यं जिंकून सगळा चीन एक केला आणि स्वतःला पहिला सम्राट म्हणवून घेतलं. लिपी एक केली, वजनमापं एक केली, नाणं एक केलं, गाडीच्या आखाची लांबीसुद्धा एक केली. ही आखाची गोष्ट शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल, पण काळ्या जमिनीत पावसाळ्यात बैलगाडी हाकलेल्याला विचारा, पुढच्या गाडीने पाडलेल्या चाकोरीत आपलं चाक बसलं नाही तर काय होतं. देशाचे ३६ प्रांत पाडले आणि वंशपरंपरेच्या सरदारांऐवजी नेमलेले अधिकारी बसवले. म्हणजे राज्य चालणार ते कागदावर आणि कारकुनावर.

तर त्यातला एक कारकून सापडलाय साहेब, आणि तुमच्या लेखात त्याचं नाव नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. १९७५ च्या डिसेंबरमध्ये हुबेई प्रांतात युनमेंग तालुक्यात शुईहुदी नावाच्या ठिकाणी चारी खोदताना जुन्या कबरी लागल्या. ११ नंबरच्या कबरीत एक माणूस, नाव शी, जन्म इ.स.पू. २६२ चा, हयातभर तालुक्याच्या कचेरीत लिहिण्याचं काम केलेला, आणि ४५-४६ व्या वर्षी वारलेला. त्याच्या डोक्याशी, कमरेशी, पायाशी सगळीकडे बांबूच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, ११०० च्या वर, आणि त्यांच्यावर बारीक अक्षरात कायदे. सोनं नाही, नाणं नाही, दफ्तर ठेवलंय सोबत. त्यातच एक वर्षवारीची नोंद आहे, या साली अमुक लढाई, या साली नोकरी लागली, या साली मूल झालं. सरकारी घडामोड आणि घरची घडामोड एकाच ओळीत. माझ्या वडिलांच्या वहीत अशाच नोंदी होत्या, ७२ चा दुष्काळ आणि त्याच पानावर बहिणीचं लग्न.

त्या पट्ट्यांमधला शेतीचा कायदा मी वाचला तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. तो सांगतो की पाऊस वेळेवर पडला आणि कणसं धरली तर किती क्षेत्राला फायदा झाला ते ताबडतोब लेखी कळवा, जमीन तयार असून पेरलेली नसेल तर तीही किती ते लिहा. पीक उगवून आल्यावर पाऊस झाला तर कमी की जास्त ते कळवा. दुष्काळ, वादळ, पूर, टोळ, कीड यांनी पीक गेलं तर किती क्षेत्र गेलं ते कळवा. जवळच्या तालुक्याने चपळ माणूस पाठवायचा, लांबच्याने टपालाच्या चौक्यांवरून, आणि हे सगळं आठव्या महिन्याच्या आत. आता सांगा, हा पंचनामा नाही तर काय आहे? आम्ही महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी लिहायचो आणि शेतात उतरायचो, हे लोक २२०० वर्षांपूर्वी बांबूवर तेच लिहून पाठवत होते.

आणि आता उशिराचं. त्याच पट्ट्यांमध्ये वेठीच्या कामाला उशिरा पोचण्याबद्दल कलम आहे. ३ ते ५ दिवस उशीर झाला तर ताकीद. ६ ते १० दिवस झाला तर एका ढालीच्या किमतीचा दंड. १० दिवसांच्या वर गेला तर एका चिलखताचा दंड. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की पाऊस-पाण्याने अडलं असेल तर ते कामच माफ. मुंडकं कुठेच नाही. हे कलम बांधकामाच्या वेठीचं आहे, सरहद्दीवर पाठवलेल्या शिपायांचं नाही, त्यामुळे शिपायांना वेगळा नियम होता का यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, तो असू दे. पण ज्या सरकारच्या कायद्यात पावसाची सवलत लिहिलेली होती त्या सरकारला पाऊस कळत नव्हता असं म्हणता येणार नाही.

मग बुडालं कसं? इ.स.पू. २०९, पावसाळ्याचे दिवस. ९०० माणसं उत्तरेला युयांगच्या सरहद्दीवर पहाऱ्याला चालली होती. दाझेशियांग नावाच्या गावापाशी पावसाने गाठलं, रस्ता बंद, मुदत हुकली. त्यांच्यात एक चेन शेंग होता. हा माणूस आधी दुसऱ्याच्या शेतात मजुरीने नांगर धरणारा, आपल्याकडच्या भाषेत सालदारच म्हणा. एकदा बांधावर बसून सोबतच्यांना म्हणाला होता की आपल्यातला कोणी मोठा झाला तर बाकीच्यांना विसरायचं नाही, तेव्हा ते हसले होते. त्याने आणि वू ग्वांगने हिशोब केला की पळालो तरी मरण, बंड केलं तरी मरण. सिमा च्यान या इतिहासकाराने शंभरेक वर्षांनी हे लिहून ठेवलंय, त्यात चेन शेंगचं एक वाक्य आहे ज्याकडे लोक लक्ष देत नाहीत. तो म्हणतो, समजा आपली मुंडकी उडवली नाहीत, तरी सरहद्दीवर गेलेल्या दहातले सहा-सात मरतातच. म्हणजे त्याला सुद्धा शिक्षेची खात्री नव्हती, सरकार आपलं ऐकेल याचा भरवसा मात्र अजिबात उरला नव्हता. वरचे अधिकारी मारले आणि तो बोलला ते चीनमध्ये आजही लोकांना पाठ आहे, राजे, सरदार, सेनापती, प्रधान यांचं बियाणं काय वेगळं असतं का? हत्यारं सम्राटाने आधीच गोळा करून वितळवून टाकली होती. यांनी झाडं तोडून हत्यारं केली.

आता ९०० माणसांनी साम्राज्य बुडत नाही. रिपोर्ट वर नीट ऐकला गेला असता तर महिन्याभरात विषय संपला असता. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

त्या वेळी वर कोण होतं ते बघा. पहिला सम्राट आदल्या वर्षी, २१० मध्ये, दौऱ्यावर असताना वारला होता. झाओ गाओ हा खोजा अधिकारी आणि ली सी हा प्रधान यांनी मरण लपवलं. उन्हाळा होता, वास सुटला, म्हणून सोबत खारवलेल्या मासळीच्या गाड्या लावल्या. रोज जेवण आत जायचं, कागद आत जायचे, आणि आत मढं. मोठा मुलगा फुसू सरहद्दीवर सेनापती मेंग तियानजवळ होता, त्याला बापाच्या नावाने खोटं फर्मान पाठवलं की आत्महत्या कर. मेंग तियान म्हणाला की थांब, एकदा खात्री करून घेऊ. फुसू थांबला नाही. एक कागद पडताळायचा राहिला आणि राज्याचा वारस गेला. धाकटा हुहाई गादीवर बसवला.

असा खोट्या कागदावर बसलेला राजा खरा कागद कसा वाचणार? पूर्वेकडून निरोप्या आला, म्हणाला बंड झालंय. हुहाई चिडला आणि त्याला चौकशीला लावला. पुढचा निरोप्या शहाणा, तो म्हणाला काही नाही महाराज, चोरटे आहेत, स्थानिक अधिकारी पकडतायत, जवळजवळ सगळे सापडलेत. राजा खूश. मग ३० च्या वर विद्वान बोलावून विचारलं. जे बंड म्हणाले ते तुरुंगाच्या वाटेला लागले, आणि शुसुन तोंग नावाचा जो चोरटे म्हणाला त्याला रेशमाचे २० ठाण आणि एक पोशाख मिळाला. तो घरी आला, बाकीचे म्हणाले इतकी खुशामत कशी केलीस, तर म्हणाला तुम्हाला कळत नाही, मी वाघाच्या तोंडातून सुटून आलोय, आणि सामान बांधून पळाला. ज्याला बक्षीस मिळालं तो सुद्धा थांबला नाही हो. आणि इकडे ते चोरटे कित्येक लाख होऊन राजधानी शियानयांगच्या वेशीजवळ आले तेव्हा कुठे हुहाईला जाग आली.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो, कोणाचं नाव घेत नाही आणि तालुकाही सांगत नाही. पैसेवारीचे दिवस होते, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक किती आलं याचा सरकारी अंदाज काढायचे. बाजरीचा पीक कापणी प्रयोग, मी, कोतवाल, दोन पंच आणि शेतकरी. दोरी लावली, खुंट्या ठोकल्या, आखलेल्या चौकोनातली कणसं कापली, तिथेच मळली. दाणा तळहातावर घेऊन फुंकर मारली तर अर्धा उडून गेला, सगळं फोल. वजन केलं, लिहिलं, गावाची पैसेवारी ४२ आली. ५० च्या खाली म्हणजे सारा, वीजबिल, कर्ज, पोरांची परीक्षा फी, सगळ्यात सवलत. ४ दिवसांनी वरून फोन आला. लेखी काही नाही, फोन. असं कसं होईल, शेजारच्या सजाची ५३ आलीय, परत बघा. मी परत काय बघणार, कणसं तर कापून झाली होती. मी ५४ लिहिले. सही केली. शेतकरी चावडीत आला, भांडला नाही, एवढंच म्हणाला, "आप्पा, वजन ते तुम्हीच करेल शे ना?" ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. म्हणून दुसऱ्या निरोप्याबद्दल वाचलं तेव्हा मी त्याला ओळखलं.

ली सी चं काय झालं ते तुमच्या लेखात एका ओळीत उरकलंय, कंबरेतून कापून मारला म्हणून. पण कसा अडकवला ते जास्त भयंकर आहे. झाओ गाओने आधी राजाला पटवलं की दरबारात बसू नका, चूक झाली तर लोकांना दिसेल, आत बसा. झालं, राजापर्यंत जायचं दार एकच उरलं आणि त्या दारात झाओ गाओ. मग ली सी ला राजद्रोहात अडकवून झोडपलं, कबुली घेतली. ली सी ने तुरुंगातून राजाला अर्ज लिहिला, झाओ गाओने तो फेकून दिला, कैद्याला कसला अर्ज म्हणे. त्यानंतर झाओ गाओने आपलीच दहा-बारा माणसं राजाचे तपासनीस म्हणून वेष घालून पाळीपाळीने पाठवली. ली सी ला वाटायचं राजाने विचारायला पाठवलं, तो खरं सांगायचा, की परत मार. असं करत करत त्याची खरं बोलायची सवय मोडली. शेवटी राजाने खरोखरचा माणूस पाठवला तेव्हा ली सी ला तो पण त्यातलाच वाटला, आणि त्याने सगळे खोटे आरोप कबूल केले. ते ऐकून राजा म्हणाला झाओ गाओ नसता तर प्रधानाने मला फसवलंच असतं. २०८ मध्ये भर बाजारात मारलं. मारायला नेताना मुलाला म्हणाला की आपला पिवळा कुत्रा घेऊन गावाच्या पूर्व वेशीबाहेर ससे धरायला जायचो तसं आता कुठे जमणार. बापलेक रडले. आणि हाच तो ली सी ज्याने २१३ मध्ये पुस्तकं जाळायची शिफारस केली होती, जुन्या गोष्टींचा दाखला देऊन आजच्या सरकारला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून. त्याचा स्वतःचा अर्ज कोणी वाचला नाही.

सैन्याचं पण तेच. झांग हान नावाचा सेनापती खरा कामाचा होता, त्याने सम्राटाच्या कबरीवर राबणाऱ्या कैद्यांना सोडवून हत्यारं दिली आणि बंडखोरांना मागे रेटलं. पुढे बंडखोरांचा सेनापती शियांग यू समोर आला, अडचण झाली, तेव्हा विचारायला आपला अधिकारी राजधानीला पाठवला. तो ३ दिवस महालाच्या दारात उभा. झाओ गाओ भेटला नाही. तो घाबरून दुसऱ्या रस्त्याने परत पळाला, आणि मागे पकडायला माणसं सोडलेली होतीच. झांग हानला कळलं की जिंकलो तरी मरण आणि हरलो तरी मरण, अगदी चेन शेंगने पावसात केला तोच हिशोब, आणि २०७ मध्ये तो सैन्यासकट शत्रूला शरण गेला. त्यातले २ लाखांवर शिपाई पुढे शियांग यू ने मारून पुरले असं सिमा च्यान लिहितो. त्याच शुईहुदीला ४ नंबरच्या कबरीत छिनच्या दोन शिपाई भावांची लाकडी पाटीवरची पत्रं सापडलीत, याच्या आधीच्या लढाईतली. आईला लिहिलंय की तिकडे कापड स्वस्त असेल तर कपडे शिवून पैशांसोबत पाठव, महाग असेल तर नुसते पैसे पाठव, मी इथे शिवून घेईन. मग घरातल्या एकेकाची नावं घेऊन विचारपूस. २ लाख म्हटलं की नुसता आकडा वाटतो, ही पत्रं वाचल्यावर तसं वाटत नाही.

हरणाची गोष्ट तुमच्या लेखात आहेच, झाओ गाओने दरबारात हरीण आणून घोडा म्हणायला लावलं ती, म्हणून परत लिहीत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत हुहाईला जीव द्यायला लावला. गादीवर आलेल्या झीयिंगने झाओ गाओला संपवलं खरं, पण त्याच्या हातात ४६ दिवसच होते. गळ्यात दोरी घालून, पांढऱ्या घोड्यांच्या साध्या गाडीत बसून तो बंडखोरांच्या दुसऱ्या पुढाऱ्याला, लिऊ बांगला, शरण आला, आणि महिनाभराने मागून आलेल्या शियांग यू ने त्याला मारलं, महाल पेटवले.

एक दुरुस्ती अजून. चेन शेंगला तुम्ही हिरो केलंय. बंड त्याने केलं ते खरंच, पण तो जेमतेम ६ महिने राजा होता आणि त्यात त्याने पण तेच केलं. जुना सोबती, त्याच्याबरोबर मजुरीला असणारा, भेटायला आला, महाल बघून तोंडात बोट घातलं, आत-बाहेर करताना जुन्या गोष्टी लोकांना सांगू लागला. कोणीतरी कान भरले की याने तुमची इज्जत जाते. चेन शेंगने त्याला मारून टाकलं. मग बाकीचे जुने सोबती आपणहून निघून गेले, जवळचं कोणी राहिलं नाही. शेवटी त्याच्याच गाडीवानाने त्याला मारलं. बांधावरचा तो शब्द आठवला की वाईट वाटतं.

आणि राजधानी पडली तेव्हाचा एक प्रसंग तुमच्या लेखात हवाच होता. लिऊ बांगचे सरदार सोनं आणि रेशीम लुटायला कोठारांकडे धावले. शियाओ हे नावाचा त्याचा माणूस, जो आधी तालुक्याचा कारकून होता, तो धावला प्रधानाच्या कचेरीकडे. कायदे, नकाशे, गावोगावच्या नोंदी, सगळं दफ्तर त्याने ताब्यात घेतलं. पुढे शियांग यू शी लढताना कुठल्या खिंडीत काय आहे, कुठे किती वस्ती आहे, लोकांना कुठे काय त्रास आहे, हे लिऊ बांगला त्यातून कळत होतं. २०२ मध्ये लिऊ बांग जिंकला आणि हान घराणं मधे थोडा खंड पडून ४०० वर्षं चाललं. शी सारख्या हजारो कारकुनांनी पाऊस मोजून, शेतं मोजून जे लिहिलं होतं ते वाया गेलं नाही. वाचणारा दुसरा मिळाला एवढंच.

शेवटी एक विनंती. नोकरीत असताना सरकारी नोंदवहीशिवाय मी स्वतःची एक वही ठेवत होतो, पाऊस किती झाला, कुठल्या नाल्याला पाणी आलं, कपाशी कशी होती, दादर (रब्बी ज्वारी) कशी होती. ती पैसेवारी ४२ आलेली पण त्यात तशीच लिहिलेली आहे, तारखेसकट. अशा २६ वह्या आहेत, ५ वर्षांच्या वाळवीने गेल्या. आता माझं वय ७४ आहे, घर बदलायचं चाललंय आणि मुलं म्हणतात रद्दीत द्या. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं सांभाळतात हे माहिती आहे, पण त्यांना एका तलाठ्याच्या वह्या चालतील का ते विचारायचा धीर होत नाही. तुमच्या पेपरला पुरवणीसाठी उपयोग होत असेल तर माणूस पाठवा, मी घरीच असतो, पोळ्यापर्यंत इथेच आहोत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तलाठी, जि. जळगाव